संस्थेचे सहा लाख आणि माझी सही

जून २०२२. मुदत संपून चार दिवस झाले होते आणि मी ठेवपावती घेऊन पतसंस्थेच्या काउंटरसमोर उभी होते. पावतीवर आमच्या संस्थेचं नाव, रक्कम ६,००,०००, व्याज साडेदहा टक्के. मागच्या बाजूला रेव्हेन्यू स्टँप लावून त्यावर खजिनदार म्हणून सही मी घरूनच करून नेली होती. काउंटरवरच्या मुलीने पावती उलटीसुलटी पाहिली, मागच्या टेबलाकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "मॅडम, पुढच्या आठवड्यात या. साहेब आज नाहीत."

पुढच्या आठवड्यात तेच उत्तर मिळालं. त्याच्या पुढच्या आठवड्यात गेले तेव्हा शटर अर्धं खाली होतं आणि बाहेर चाळीसेक माणसं उभी होती. एक आजी पायरीवर बसून पासबुकाची पानं मोजल्यासारखी उलटत होत्या. माझ्या पोटात गोळा आला तो तिथे.

आमची संस्था नाशिकमधली, डोंगर चढणाऱ्यांची. रामशेज, अंजनेरी, हरिहर, ब्रह्मगिरी ही नेहमीची पायवाट, वर्षातून एकदा साल्हेर, पावसाळ्यात नव्या मुलांसाठी प्रशिक्षण. सभासद दीडशेच्या आत-बाहेर. कुणालाही पगार नाही, मानधन नाही. सातपूरच्या एका कारखान्यात हिशेब खात्यात मी ३१ वर्षं काढली, त्यामुळे निवृत्त झाल्या झाल्या खजिनदारपद माझ्याकडे आलं आणि मी ते आनंदाने घेतलं. सहा लाख ही आमची दहा वर्षांची पुंजी होती. बचावसाहित्य घ्यायचं, म्हणजे दोर, हार्नेस, चांगलं स्ट्रेचर, आणि ते ठेवायला एक खोली. लोकांनी पाचशे-हजार करत दिलेले पैसे होते. सभासदांपैकी एका निवृत्त गुरुजींनी मुलाच्या स्मरणार्थ एकवीस हजार दिले होते, खास स्ट्रेचरसाठी.

ते पैसे पतसंस्थेत कसे गेले हे आधी सांगते, कारण पुढे सगळी चौकशी त्याच एका संध्याकाळभोवती फिरली.

२०१८ मध्ये कॉलेज रोडला अध्यक्षांच्या घरी बैठक होती. बँकेतली ठेव मुदत संपून हातात आली होती. बँक पावणेसात टक्क्यांच्या आसपास देत होती, पतसंस्था साडेदहा. तिचा शाखाधिकारी आमच्या ट्रेकना यायचा, सरळ माणूस होता. विषय मीच मांडला. आमचा सहसचिव, तेव्हा पंचविशीतला मुलगा, म्हणाला, "ताई, बँकेतच राहू दे ना. व्याज कमी असलं तरी." मी त्याला म्हणाले, "अरे, माझे स्वतःचे दोन लाख तिथेच आहेत. काही होत नाही." तेवढ्यावर विषय संपला. चहा आला. सचिवांनी इतिवृत्तात एक ओळ लिहिली: "निधी अधिक व्याज देणाऱ्या संस्थेत ठेवावा असे सर्वानुमते ठरले." खाली पाचही जणांच्या सह्या.

माझे दोन लाखही त्याच शटरमागे अडकले. पुढे कित्येक दिवस मी स्वतःला तेच सांगत होते, की मी दुसऱ्याचे पैसे एकीकडे आणि स्वतःचे दुसरीकडे ठेवले नाहीत, माझ्या मनात पाप नव्हतं. पाप नव्हतं हे खरंच आहे.

शटर पाहून आले त्या रात्री मी फक्त अध्यक्षांना फोन केला. ते म्हणाले, थांबू या, लगेच बोभाटा नको. पतसंस्थेवर प्रशासक येईल, थोडे थोडे का होईना पैसे मिळतील. मग आम्ही पाच जण भेटलो. उपाध्यक्षांनी सुचवलं की आपण चौघं-पाचजण मिळून हळूहळू रक्कम भरून टाकू, सभासदांना कळायची गरजच नाही, झाकली मूठ सव्वा लाखाची. माणूस उदार आहे, तो स्वतःच्या खिशात हात घालायला तयार होता, आणि ते ऐकून मला हायसं वाटलं. घरी आल्यावर यजमानांना सांगितलं तर ते चिडले. "अगं, घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजल्यास सहा वर्षं, आणि आता वर घरातून पैसे भरायचे? कशाबद्दल?" त्यांचंही मला पटलं. दोन दिवसांत दोन उलट गोष्टी पटल्या, आणि त्या दोन्हींत एक गोष्ट सारखी होती: लोकांना सांगायचं नाही.

वकिलांकडे जायचं सहसचिवाने काढलं. शरणपूर रोडला एक वकीलबाई आहेत, सार्वजनिक न्यासांचीच, म्हणजे ट्रस्टचीच, कामं करतात. त्यांनी आधी मागितला तो अनुसूची एकचा उतारा, म्हणजे धर्मादाय कार्यालयात संस्था कुणाच्या नावावर चालते त्याची नोंद. तो पाहून त्यांनी विचारलं, "तुमच्यातलं कोण कोण यात आहे?" उताऱ्यावर २००९ ची कार्यकारिणी होती. त्यातले दोघं वारलेले. नंतरच्या चार निवडणुका आम्ही घेतल्या, हार घातले, फोटो काढले, पण माणसं बदलली हे त्या कार्यालयाला कळवणारा बदल अर्ज एकाही वेळी दाखल केला नव्हता. कायद्याने बदल झाल्यापासून ९० दिवसांत तो द्यावा लागतो. प्रत्येक नव्या सचिवाला वाटत होतं की आधीच्याने दिला असेल. म्हणजे उद्या धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून नोटीस निघाली असती, तर ती आमच्या एका दिवंगत संस्थापकाच्या घरी गेली असती आणि त्यांच्या पत्नीने ती उघडली असती. सहा लाखांच्या बातमीपेक्षा मला त्या क्षणी याची जास्त लाज वाटली.

मग त्यांनी शांतपणे सगळं समजावलं. मला कळलं तसं लिहिते, कारण मंडळं, क्लब, वाचनालयं चालवणाऱ्या बहुतेकांना हे कुणी सांगत नाही.

आम्ही स्वतःला कार्यकारिणी म्हणायचो. संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेली आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम १९५० खालीही, त्यामुळे कायद्याच्या लेखी आम्ही विश्वस्त. विश्वस्ताला पगार मिळतो की नाही याने त्याच्या कर्तव्यात काही फरक पडत नाही. कलम ३५ सांगतं की जो पैसा लगेच खर्च व्हायचा नाही तो शेड्यूल्ड बँकेत, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या यादीतल्या बँकेत, पोस्टाच्या बचत खात्यात, सरकारने त्यासाठी मान्यता दिलेल्या सहकारी बँकेत किंवा सरकारी रोख्यांसारख्या ठिकाणी ठेवायचा. पतसंस्था ही बँक नव्हे. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, २०२० च्या आधी तो एक लाखच होता. पतसंस्थेतल्या ठेवीला ते कवच नाही.

मी म्हणाले, "पण मॅडम, माझे स्वतःचे पैसेही तिथेच होते."

त्या म्हणाल्या, "कलम ३६-अ तेच म्हणतं. सामान्य शहाणपणाचा माणूस स्वतःच्या पैशाची जेवढी काळजी घेतो तेवढी न्यासाच्या पैशाची घ्यायची. तुमचं तेवढं बरोबर आहे. पण स्वतःचे पैसे कुठे ठेवायचे हे तुमचं तुम्ही ठरवता. न्यासाचे कुठे ठेवायचे हे कायद्याने आधीच ठरवून दिलंय. तुमचा प्रामाणिकपणा पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे, दुसऱ्याचं नाही."

मी हे वाक्य घरी येऊन डायरीत लिहून ठेवलं.

पुढचं त्यांनी सांगितलं ते मनावर दडपण आणणारं होतं, पण स्पष्ट होतं. नुकसान झालं म्हणजे विश्वस्ताच्या घरावर टाच आली असं नसतं. चौकशीत घोर निष्काळजीपणा, विश्वासघात, निधीचा गैरवापर किंवा गैरवर्तन दिसलं आणि त्यातून न्यासाचं नुकसान झालं असं ठरलं, तर धर्मादाय आयुक्त ती रक्कम विश्वस्ताकडून वसूल करायचा आदेश देऊ शकतात. त्याला सरचार्ज म्हणतात. विश्वस्ताला पदावरून दूर करायचाही अधिकार त्यांना आहे. साधी चूक कुठे संपते आणि घोर निष्काळजीपणा कुठे सुरू होतो, हे कागद बघून ठरतं. "तुम्ही कुणाला विचारलं होतं? कुणी धोका सांगितला होता का? सांगितला असेल तर तुम्ही काय केलं?"

सहसचिव माझ्या शेजारच्याच खुर्चीत बसला होता. तो गप्प राहिला. मीही.

त्याच आठवड्यात पतसंस्थेच्या ठेवीदारांबरोबर मी सहकार खात्याच्या कार्यालयात गेले. निवेदन द्यायचं होतं. माणसं चिडलेली होती आणि त्यांचं चिडणं रास्त होतं. एकच मागणी चालू होती, संचालकांवर ८८ लावा. सहकारी संस्थांच्या कायद्यातलं कलम ८८ म्हणजे संस्थेचं नुकसान कुणामुळे झालं याची जबाबदारी निश्चित करून त्यांच्याकडून वसुली. मीही हात वर करून ओरडले. निवेदनावर सही केली. परत येताना सीबीएस बसस्थानकाजवळ सिग्नलला रिक्षा थांबली आणि डोक्यात आलं, त्या संचालकांतही कुणी एखादी माझ्यासारखी असेल, जिने बैठकीत चहा पीत एका ओळीच्या ठरावावर सही केली असेल. तिच्यावर ८८ लावा म्हणून मी आत्ताच ओरडून आले, आणि माझ्या दीडशे सभासदांना मी काही सांगितलेलंही नाही.

त्या रात्री मी आमची ट्रेकची वही काढली. बाहेरच्यांना याची कल्पना नसेल म्हणून सांगते. आमच्याकडे पहिल्यापासून रिवाज आहे. ट्रेकहून आल्यावर, त्याच दिवशी, नेता वहीत काय चुकलं ते लिहितो. अपघात झाला नसला तरी लिहितो. हरिहरच्या एका ट्रेकची नोंद अशी आहे: "उतरताना दोर चार मीटर कमी पडला. निघताना मोजला नव्हता. चूक माझी. मुलांना अर्धा तास पायऱ्यांवर थांबावं लागलं." हरिहरच्या त्या कातळात खोदलेल्या उभ्या पायऱ्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना त्यांवर अर्धा तास थांबणं म्हणजे काय ते कळेल. खाली सही, तारीख. ती नोंद लिहिणाऱ्याला कुणी संस्थेतून काढलं नाही, पुढच्या वर्षी तोच नेता होता. पण तेव्हापासून प्रत्येक ट्रेकच्या आधी दोर मोजायचा नियम झाला. अशा नोंदींची तीन वह्या भरून शिदोरी आमच्याकडे आहे. दोराच्या बाबतीत इतका धीर असलेल्या आम्ही माणसांनी पैशाच्या बाबतीत एक पानसुद्धा लिहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी अध्यक्षांना सांगितलं, विशेष सर्वसाधारण सभा बोलवायची. तुम्ही नाही बोलावली तर मी सभासदांना पत्र लिहिणार. ते दुखावले. आमचा वीस वर्षांचा स्नेह, पण त्या दिवशी त्यांनी फोन ठेवला. रात्री पुन्हा त्यांचाच फोन आला, "नोटीस तयार करा. विषयपत्रिकेवर स्पष्ट लिहा, गोलमाल शब्द नकोत."

सभा गंगापूर रोडला एका शाळेच्या हॉलमध्ये झाली. एरवी पंचवीस माणसं येतात, त्या दिवशी सत्त्याऐंशी होती. मी दीड पान लिहून नेलं होतं, ते वाचलं. किती रक्कम, कधी ठेवली, कुणी सुचवलं, कायदा काय सांगतो, आता काय स्थिती आहे. लेखापरीक्षणाच्या अहवालाचंही सांगितलं. अहवालासोबत एक प्रश्नावली असते, तिच्यात सरळ विचारलेलं असतं की कलम ३५ च्या विरुद्ध न्यासाचा पैसा गुंतवला आहे का. तीनही वर्षांच्या अहवालात त्या प्रश्नासमोर "नाही" आहे. मी ती पानं कधी नीट वाचली नाहीत, ताळेबंद जुळला की खाली सही करत गेले. हिशेबात ३१ वर्षं काढलेल्या बाईने हे करायला नको होतं.

मग लोक बोलले. एक जण म्हणाला, पगार घेत नाही म्हणून हिशेब विचारायचा नाही असं चालणार नाही. त्याला टाळ्या पडल्या. दुसरी एक जण उठली, म्हणाली, यांच्याकडून खिशातून भरून घेतलंत तर पुढच्या वेळी खजिनदार कोण होणार, तुम्ही होणार का? तिलाही टाळ्या पडल्या. मला दोघांचंही म्हणणं बरोबर वाटलं आणि अजूनही वाटतं. कुणीतरी पोलिसांत जा म्हणालं. कुणी म्हणालं, ताई असं करणाऱ्यांतल्या नाहीत, विषय बंद करा. हे शेवटचं ऐकून सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

मग गुरुजी उठले. वय ऐंशीच्या पुढे. माईक नको म्हणाले. "माझे एकवीस हजार स्ट्रेचरसाठी होते. ते मला परत नकोत. ताई, मला एवढंच सांगा, हे तुम्हाला कधी कळलं, आणि आम्हाला आज का कळतंय?"

हॉल एकदम शांत झाला. मी म्हणाले, "सात आठवडे झाले, सर. पैसे मिळतील आणि कुणाला सांगायची वेळच येणार नाही असं वाटत होतं."

ते म्हणाले, "ठेव चुकून ठेवली, हे मी समजू शकतो. सात आठवडे चुकून गेले नाहीत." आणि बसले.

त्यांचा आवाज चढला नव्हता. मी उभी होते तिथेच उभी राहिले, आणि त्यानंतर कुणी काय बोललं ते मला नीट आठवत नाही. कायद्याच्या पुस्तकांत त्या सात आठवड्यांसाठी कलम असेल नसेल, पण चार वर्षांपूर्वीची चूक आणि हे सात आठवडे यांतला फरक मला त्या एका वाक्याने जेवढा कळला तेवढा कुठल्याच सल्ल्याने कळला नव्हता. पहिलीबद्दल मी आजही मान वर करून बोलू शकते. दुसऱ्याबद्दल नाही.

सभेने तीन जणांची चौकशी समिती नेमली. दोन सभासद, त्यांतली एक अगदी तरुण मुलगी, आणि बाहेरचे एक निवृत्त बँक अधिकारी. वकीलबाईंनी आधीच बजावलं होतं की सभेने माफ केलं म्हणून कायद्याचं समाधान होत नाही. सभा तुमचा हेतू आणि तुमचं वागणं नोंदवू शकते, कायदेशीर जबाबदारी पुसू शकत नाही. म्हणून सभेनंतर लगेच आम्ही स्वतःहून धर्मादाय कार्यालयात सविस्तर पत्र दिलं. राहिलेले चार बदल अर्ज विलंब माफीच्या अर्जांसह दाखल केले. प्रशासकांकडे ठेवीचा दावा लावला. या कामात पावसाळा गेला. शपथपत्रं, दिवंगतांचे मृत्यूचे दाखले, जुन्या निवडणुकांची इतिवृत्तं, त्यांतलं २०१२ चं सापडेना, शेवटी सचिवांच्या माळ्यावर एका ट्रंकेत सॅकखाली मिळालं.

चौकशी समितीसमोर माझी पाळी आली तेव्हा इतिवृत्ताची वही टेबलावर उघडून ठेवली होती. ती एक ओळ आणि पाच सह्या. बँक अधिकाऱ्यांनी विचारलं, "सर्वानुमते म्हणजे कुणीच काही बोललं नाही?"

इथे मी थांबले. वहीप्रमाणे उत्तर दिलं असतं तर पाचही जण एका ओळीत उभे राहिले असते, सहसचिवासकट. आणि माझ्यासाठी ते सोयीचं होतं. कुणालाच धोका दिसला नाही, सगळ्यांची मिळून चूक झाली, असं म्हणता आलं असतं. कुणीतरी सावध केलं होतं आणि मी ते उडवून लावलं, हे सांगितलं की साध्या चुकीकडून घोर निष्काळजीपणाकडे मी स्वतःच एक पाऊल टाकणार होते. वकीलबाईंनी विचारलेला प्रश्न नेमका तोच होता. त्या मुलाने समितीसमोर सांगितलं होतं की आपण तेव्हा शंका घेतली होती, पण त्याच्याकडे कागद नव्हता. त्याचा शब्द वहीविरुद्ध होता.

मी सांगितलं, "नाही. सहसचिवाने बँकेतच ठेवू म्हटलं होतं. मी त्याला माझ्या दोन लाखांचं उदाहरण देऊन गप्प केलं."

तरुण मुलीने ते लिहून घेतलं, मला वाचून दाखवलं आणि सही करायला दिलं. त्या सहीला मला २०१८ च्या सहीपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला. बाहेर तो मुलगा जिन्यात उभा होता. काही बोलला नाही, फक्त माझ्या हातातली पिशवी घेतली आणि खालपर्यंत आला.

समितीचा अहवाल अकरा पानांचा आला. अप्रामाणिकपणा आढळला नाही. निष्काळजीपणा आढळला, मुख्यतः खजिनदारांचा, आणि न वाचता सह्या करणाऱ्या बाकीच्या तिघांचाही. सहसचिवांनी शंका घेतली होती, ती नोंदवली गेली नाही. पैसे भरून घ्यावेत की नाही यावर समितीत दोन मतं होती आणि त्यांनी दोन्ही लिहिली. मला हे आवडलं. सभेतही पुन्हा तीन तास त्यावरच गेले. शेवटी आम्ही चौघांनीच सांगितलं की प्रत्येकी पन्नास हजार भरतो. पूर्ण नुकसान नाही, पण आमचा वाटा म्हणून. सहसचिवही भरायला निघाला होता, त्याला सभेने भरू दिलं नाही.

ते दोन लाख जमा करताना सीएंनी एक गोष्ट अडवली, ती सांगण्यासारखी आहे. पावती देणगीची फाडायला घेतली होती. ते म्हणाले, ही देणगी नाही. देणगी दाखवलीत तर उद्या तुम्हाला करसवलतीचं प्रमाणपत्र दिलं जाईल आणि नुकसानीची भरपाई दानधर्म म्हणून मिरवली जाईल. वहीत "विश्वस्तांकडून नुकसानभरपाई" अशी नोंद करा. नोंद तशीच झाली. चार ओळी, चार नावं. माझं नाव पहिलं.

मी राजीनामा दिला. या वेळी बदल अर्ज ९० दिवसांच्या आत गेला. पण नवा खजिनदार मिळायला दीड महिना लागला. जो तो हात जोडत होता. चांगली माणसं अशीच मागे सरकतात हे मी डोळ्यांनी पाहिलं, आणि त्यांना दोष देण्याचा मला अधिकार नव्हता. अखेर सहसचिवच तयार झाला, पण अटी घालून. प्रत्येक ठरावात कोण काय म्हणालं ते येईल, विरोधी मत नावानिशी येईल. ठेव कुठे हे दर सभेत पावती दाखवून सांगायचं. लेखापरीक्षणाची प्रश्नावली कार्यकारिणीत मोठ्याने वाचायची, प्रत्येक प्रश्न. आणि ट्रेकच्या वहीसारखी हिशेबाचीही वही. चूक कळली त्या दिवशी लिहायची आणि पुढच्या बैठकीत वाचायची. असं लिहिणाऱ्याला त्या चुकीसाठी पदावरून काढायचं नाही. लपवणाऱ्याला मात्र काढायचं, रक्कम कितीही लहान असो. सभेने हे ठराव म्हणून मंजूर केलं. मी त्याला अकरा फायली, दोन चेकबुकं आणि कपाटाची किल्ली दिली. फायली देताना एकेक उघडून दाखवली, दोन संध्याकाळी गेल्या.

प्रशासकांकडून आतापर्यंत दोन हप्ते आले, ७२ हजार आणि ४८ हजार. धर्मादाय कार्यालयात आमचे जबाब झाले, कागद दिले, फाईल चालू आहे. तारखेला मी जाते. नवं स्ट्रेचर पहिल्या हप्त्यातूनच घेतलं, कारण गुरुजींचे पैसे आधी हे सगळ्यांनी ठरवलं होतं. ते घरी नेऊन त्यांना दाखवलं. त्यांनी पट्टे ओढून पाहिले, बकल दोनदा उघडलं-लावलं आणि म्हणाले, पावसात भिजलं की सावलीत वाळवा, उन्हात नको.

गेल्या महिन्यात रात्री नऊच्या सुमाराला नव्या खजिनदाराचा फोन आला. "ताई, एक घोळ झालाय. बचावनिधीचे साडेतीन हजार मी चुकून चालू खात्यात भरले."

"कधी?"

"आज दुपारी. उद्या बँकेत जाऊन फिरवतो."

"वहीत लिहिलंस?"

"लिहूनच फोन केलाय. रविवारी बैठकीत वाचणार आहे."